यकृतातील मेदसंचय आणि कृश देहाचा प्रश्न

पित्ताशयातील खड्याच्या शंकेने अथवा अन्य काही निमित्ताने एखाद्या व्यक्तीच्या पोटाची सोनोग्राफी केली जाते. खडा आढळत नाही, परंतु अहवालाच्या अखेरीस यकृतात पहिल्या श्रेणीचा मेदसंचय असल्याची नोंद येते. अशी नोंद हाती पडलेल्यांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग ‘हे हल्ली सर्वांनाच असते’ असे म्हणून कागद कपाटात ठेवून देतो. दुसरा यकृत निकामी होण्याच्या भीतीने काढे, चूर्णे आणि ‘लिव्हर टॉनिक’ यांच्या मागे लागतो. वरवर पाहाता ही वर्तने परस्परविरुद्ध दिसली, तरी दोहोंच्या मुळाशी समजूत एकच आहे. यकृतातील मेद हाच रोग आणि त्याची श्रेणी हेच रोगाचे माप, असे दोघेही धरून चालतात. याखेरीज आणखी एक समज समाजात दृढ आहे : हा विकार स्थूल माणसांचा अथवा मद्यपींचा, सडपातळ व निर्व्यसनी माणसास तो व्हावयाचा नाही. या दोन्ही समजुती पुराव्याच्या कसोटीस उतरत नाहीत. आणि त्यांपैकी दुसरी तर भारतीयांच्या बाबतीत विशेष घातक ठरते.

प्रौढ मनुष्याचे यकृत सुमारे दीड किलो वजनाचे असते. खाटकाच्या दुकानातील कलेजी ज्याने पाहिली आहे, त्यास निरोगी यकृताचा गडद तांबूस-तपकिरी रंग निराळा सांगावयास नको. मेदाने भरलेले यकृत याच्या उलट फिकट पिवळसर, आकाराने वाढलेले आणि कापताना सुरीस तुपासारखा ओशटपणा आणणारे असते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास पेशींच्या पोटात मेदाचे थेंब दिसतात. ५ टक्क्यांहून अधिक पेशींत असे थेंब आढळल्यास मेदसंचय मानावा, असा संकेत आहे. सोनोग्राफीची दृष्टी मात्र इतकी सूक्ष्म नाही. संचय साधारणतः २० ते ३० टक्क्यांच्या घरात गेल्यावरच यकृत पडद्यावर शेजारच्या मूत्रपिंडाहून उजळ दिसू लागते. यास्तव अहवालात नोंद नाही म्हणून मेद नाहीच, असे अनुमान काढता येत नाही.

या विकाराचा इतिहास काहीसा विचित्र आहे. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील थॉमस ॲडिसन याने १८३६ साली यकृताच्या मेदीय अपकर्षाचे वर्णन करून त्याचा संबंध मद्यपानाशी जोडला, आणि पुढे दीर्घकाळ वैद्यकाच्या मनात हे समीकरण पक्के राहिले. परंतु विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात दोन सर्वस्वी भिन्न ठिकाणांहून निराळीच माहिती पुढे आली. टोरांटो येथे स्वादुपिंड काढून टाकलेली कुत्री इन्सुलिन देऊन जगविली जात असत. इन्सुलिनमुळे त्यांचा मधुमेह आटोक्यात राही, परंतु यकृत मेदाने भरून येई. त्यांच्या आहारात कच्चे स्वादुपिंड अथवा लेसिथिन घातले की यकृत पूर्ववत होई. इन्सुलिनच्या शोधात ज्याचा वाटा होता त्या चार्ल्स बेस्टने व त्याच्या सहकाऱ्यांनी लेसिथिनमधील कोलिन हा घटक यास कारणीभूत असल्याचे १९३२ च्या सुमारास दाखवून दिले. त्याच काळात आफ्रिकेतील गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, सिसिली विल्यम्स ही डॉक्टर आईच्या दुधापासून तुटलेल्या व केवळ मक्याच्या पेजेवर वाढणाऱ्या बालकांच्या एका घातक रोगाचा अभ्यास करीत होती. १९३३ साली तिने त्याचे वर्णन केले व १९३५ साली त्यास ‘क्वाशिओरकोर’ हे स्थानिक नाव दिले. या कुपोषित, सुजलेल्या बालकांचे यकृतही मेदाने भरलेले असे. जॉन वॉटरलो याने वेस्ट इंडीजमधील अर्भकांच्या अशाच यकृतांवर १९४८ साली एक स्वतंत्र प्रबंधच प्रसिद्ध केला.

मद्यपी, स्वादुपिंडहीन कुत्रे आणि उपाशी बालक! या तिघांच्या यकृतात सूक्ष्मदर्शकास दिसणारे चित्र जवळजवळ एकच असावे, ही गोष्ट विचारात टाकणारी आहे. तिचा उलगडा जमाखर्चाच्या हिशेबाने होतो. यकृत हे मेदाचे कायमचे कोठार नव्हे. ते वाटेवरचे नाके आहे. एका बाजूने तेथे मेदाम्ले येत असतात. दुसऱ्या बाजूने त्यांतील काही जाळून त्यांची ऊर्जा केली जाते, आणि उरलेली ट्रायग्लिसराइडच्या रूपाने प्रथिनांच्या व फॉस्फोलिपिडांच्या वेष्टनात बांधून रक्तात रवाना केली जातात. वेष्टनासाठी लागणारे कोलिन न मिळाल्यास, अथवा प्रथिन घडविण्याची शक्तीच क्षीण झाल्यास, माल नाक्यावर अडकून पडतो. टोरांटोच्या कुत्र्यांत व आफ्रिकेच्या बालकांत मुख्यतः जावक तुंबली होती. मद्यामुळे आवक वाढते आणि ज्वलनही मंदावते. आजच्या शहरी माणसाच्या यकृतात जे घडते ते प्राधान्याने आवकेचे प्रकरण आहे.

ही आवक कोठून होते? सर्वसाधारण उत्तर ‘तेलकट खाण्यातून’ असे मिळेल. आणि ते बहुतांशी चुकीचे आहे. मिनेसोटा येथील संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात रुग्णांना खूण केलेली मूलद्रव्ये देऊन यकृतातील मेदाचा उगम शोधण्यात आला. त्यातील सुमारे ५९ टक्के मेद शरीराच्या मेदपेशींतून रक्तात उतरलेल्या मेदाम्लांचा, २६ टक्के यकृताने शर्करेपासून स्वतः घडविलेला, आणि अवघा १५ टक्के थेट आहारातील स्निग्ध पदार्थांचा होता. म्हणजे यकृतातील मेदाचा मोठा हिस्सा ताटातून नव्हे, तर शरीरातीलच दुसऱ्या एका कोठारातून येतो.

ते कोठार म्हणजे त्वचेखालील मेदपेशींचा थर होय. एरवी उपहासाचा विषय झालेला हा थर वस्तुतः शरीराचे संरक्षण करीत असतो. जेवणानंतर इन्सुलिनच्या आज्ञेने जादा ऊर्जा तेथे ठेवली जाते व आज्ञा असेपर्यंत तेथेच राहते. कणगीत जागा आहे तोवर धान्य कितीही आले तरी चिंता नसते; कणगी भरली की धान्य ओसरीवर, माजघरात, जेथे सापडेल तेथे पसरू लागते. त्याप्रमाणे मेदपेशींची धारणशक्ती संपली, अथवा इन्सुलिनची आज्ञा त्या मानीनाशा झाल्या, की मेदाम्ले रक्तात सुटतात आणि आतड्यांभोवती, स्नायूंत, स्वादुपिंडात व यकृतात आश्रय घेतात. मेदाने भरलेले यकृत पुन्हा इन्सुलिनला दाद देत नाही व रात्रंदिवस रक्तात साखर सोडीत राहते. ती आवरण्यासाठी स्वादुपिंड अधिक इन्सुलिन पाझरविते. आणि ते वाढीव इन्सुलिन यकृतातील मेदनिर्मितीस मात्र उत्तेजन देते. साखरेच्या बाबतीत बहिरे झालेले यकृत मेदाच्या बाबतीत इन्सुलिनचे तंतोतंत ऐकते, हे या विकारातील एक न्यारे कोडे आहे.

येथे कणगीचा आकार सर्वांचा सारखा नसतो, हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. एखाद्याची कणगी इतकी मोठी असते की १०० किलो वजन होऊनही यकृत स्वच्छ राहते. दुसऱ्याची ६२ किलोंतच ओसंडते. पुण्याच्या के. ई. एम. हॉस्पिटलमधील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन वैद्यांनी २००४ साली ‘लान्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, ज्यास बीएमआय म्हणतात, नेमका २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के मेद होता, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाटा ज्यांस समान ठरवितो ते आतून किती भिन्न असू शकतात, याचे याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणे कठीण. याज्ञिकांच्या पथकाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून जो मातृपोषणाचा अभ्यास चालविला, त्यात तर ही भिन्नता जन्मतःच आढळली. तेथील नवजात अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील अर्भकांचे सुमारे ३.५ किलो. ग्रामीण पुण्याच्या बालकांत स्नायू व उदरातील इंद्रिये यांची वाढ खुंटलेली होती. पाठीवरील खांद्याच्या हाडाखालचा मेद मात्र बव्हंशी टिकून होता. ‘कृश तरीही मेदयुक्त’ असे या देहरचनेचे वर्णन आता जगभर रूढ झाले आहे.

यकृताच्या बाबतीत या रचनेचा परिणाम प्रत्यक्ष मोजला गेला आहे. अमेरिकेत येल विद्यापीठातील जेरल्ड शुलमन व सहकारी यांनी २००६ साली सडपातळ, निरोगी व धूम्रपान न करणाऱ्या तरुणांची तपासणी केली असता, भारतीय वंशाच्या पुरुषांच्या यकृतात गौरवर्णीय पुरुषांच्या सुमारे दुप्पट मेद आढळला. २०१० साली प्रसिद्ध झालेली पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्याची पाहणी याहून अधिक लक्षणीय आहे, कारण ती शहरातील सुखवस्तूंची नसून कष्टकरी ग्रामीण प्रौढांची होती. त्यांच्यात मेदयुक्त यकृताचे प्रमाण ८.७ टक्के आढळले. आणि अशा व्यक्तींपैकी ७५ टक्क्यांचा बीएमआय २५ च्या आत होता, तर ५४ टक्के लोक स्थूलही नव्हते व त्यांचे पोटही सुटलेले नव्हते. संपूर्ण देशाचा विचार करता, २०२२ साली अनेक पाहण्या एकत्र करून काढलेला अंदाज प्रौढांत ३८.६ टक्के इतका आहे. या पाहण्यांत रुग्णालयांतून घेतलेले नमुने मिसळलेले असल्याने हा आकडा जपूनच वापरावयास हवा. तथापि तो निम्मा धरला तरी प्रश्न लहान होत नाही.

अनुवंशाचाही येथे हात आहे. अमेरिकेतील डॅलस येथील संशोधनातून २००८ साली ‘पीएनपीएलए३’ या जनुकातील एक बदल उजेडात आला. हा बदल वाहणाऱ्यांच्या यकृतात वजन बेताचे असतानाही मेद साचतो व व्रणही लवकर पडतात.

आता ज्या पहिल्या समजुतीचा उल्लेख आरंभी केला, तिच्याकडे वळावयास हवे. मेद हेच विष, असे असते तर तो कमी करताच यकृत सुधारावयास हवे होते. २००७ साली उंदरांवर केलेल्या एका प्रयोगात ट्रायग्लिसराइड बांधणाऱ्या एन्झाइमचे कार्य रोखण्यात आले. अपेक्षेप्रमाणे यकृतातील मेदाचे थेंब कमी झाले. परंतु दाह आणि तंतुमयता मात्र वाढली. याचा अर्थ असा, की थेंबात बांधलेला मेद तुलनेने निरुपद्रवी असतो. किंबहुना मोकळ्या मेदाम्लांपासून पेशीचा बचाव करण्याची ती एक युक्तीच आहे. घात होतो तो न बांधल्या गेलेल्या मेदाम्लांमुळे व त्यांच्या विघटनातून निघणाऱ्या द्रव्यांमुळे. त्यांनी पेशी फुगतात, मरतात, दाह सुरू होतो, आणि जखम भरून काढण्यासाठी यकृतातील ताराकृती पेशी तंतू विणू लागतात. मेयो क्लिनिकमधील युर्गेन लुडविग व सहकाऱ्यांनी १९८० साली मद्यपान न करणाऱ्या २० रुग्णांत हुबेहूब मद्यपींसारखा यकृतदाह पाहून त्यास नाव दिले, ते या अवस्थेचे. त्यापूर्वी अशा किती रुग्णांना चोरून पिणारे ठरविले गेले असेल, याची गणना कोणी केलेली नाही. ‘मद्याविना’ होणारा, असे नकारार्थी नाव या विकारास ४० वर्षांहून अधिक काळ चिकटून राहिले. २०२३ साली आंतरराष्ट्रीय संघटनांनी ते बदलून चयापचयाच्या बिघाडाशी निगडित असे नवे नाव स्वीकारले.

तंतूंच्या या जाळ्याचे ० ते ४ असे टप्पे मानतात. चौथा टप्पा म्हणजे यकृताचे काठिण्य, अर्थात सिरोसिस. रुग्णाचे भवितव्य मेदाच्या प्रमाणावरून नव्हे, तर या टप्प्यांवरून ठरते, असे २०१५ च्या सुमारास दीर्घकालीन अभ्यासांनी निर्विवाद केले. साध्या मेदसंचयात एक टप्पा पुढे सरकण्यास सरासरी १४ वर्षे, तर दाह असल्यास सुमारे ७ वर्षे लागतात, असे अनुमान आहे. सोनोग्राफीतील ‘श्रेणी’ आणि तंतुमयतेचा ‘टप्पा’ यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे रुग्णांइतकेच कित्येकदा वैद्यांनाही सांगावे लागते. काठिण्य पुरते झाल्यावर यकृतातील मेद बहुधा नाहीसा होतो; म्हणजे रोग पराकोटीस पोहोचला असता सोनोग्राफीच्या अहवालातील श्रेणी उलट सुधारलेली दिसू शकते. रक्तातील एन्झाइमेही येथे भरवशाची नाहीत. ती सामान्य असूनही तंतुमयता पुढे गेलेली असू शकते.

मग तंतू ओळखावयाचे कसे? पूर्वी यकृताचा तुकडा काढून पाहण्यावाचून गत्यंतर नसे. आता पहिली चाळणी साध्या अंकगणिताने होते. ‘फिब-४’ या निर्देशांकासाठी वयाला एएसटीच्या आकड्याने गुणावयाचे, आणि त्या गुणाकारास प्लेटलेटांची हजारांतील संख्या व एएलटीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागावयाचे. समजा, ५० वर्षांच्या व्यक्तीचा एएसटी ४८, एएलटी ६४ आणि प्लेटलेट २ लाख आहेत. ५० गुणिले ४८ म्हणजे २४००, २०० गुणिले ८ म्हणजे १६००, भागाकार १.५. हा आकडा १.३ च्या आत असल्यास पुढच्या टप्प्याची तंतुमयता बहुधा नसते, २.६७ च्या वर गेल्यास ती असण्याचा संभव बराच असतो. मधल्या पट्ट्यात कंपनाच्या वेगावरून यकृताचा ताठरपणा मोजणारी इलॅस्टोग्राफी करून घ्यावी लागते. वरील उदाहरणात प्लेटलेट अडीच लाख असते, तर उत्तर १.२ येऊन ती व्यक्ती तूर्त चिंतामुक्त ठरली असती. पस्तिशीच्या आतील व्यक्तींना हे गणित लागू पडत नाही, आणि पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरावयाची असते. ज्या तपासण्या बहुतेकांच्या घरी आधीच कागदावर पडून असतात, त्यांतूनच हे उत्तर निघते. भारत सरकारने २०२१ साली असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या विकाराचा अंतर्भाव केला.

तंतू आढळोत वा न आढळोत, या रुग्णांत मृत्यूचे पहिले कारण यकृत नसून हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हे आहे. यामुळे रक्तदाब, रक्तशर्करा व कोलेस्टेरॉल यांचा बंदोबस्त हा यकृताच्या उपचाराचाच भाग समजावयास हवा. एन्झाइमे किंचित वाढलेली पाहून स्टॅटिन औषधे बंद करण्याची जी प्रथा काही ठिकाणी दिसते, ती रुग्णाच्या हिताची नाही.

खास यकृतासाठी असलेल्या औषधांची यादी अजून लहान आहे. मधुमेह नसलेल्या रुग्णांत ८०० एककांच्या ई जीवनसत्त्वाने ४३ टक्क्यांत, तर निव्वळ लुटुपुटीच्या गोळीने १९ टक्क्यांत सुधारणा झाल्याचे २०१० साली दिसून आले. सरोग्लिटाझार या भारतीय औषधास येथे २०२० साली मान्यता मिळाली. अमेरिकेत रेस्मेटिरॉमला २०२४ साली आणि सेमाग्लूटाइडला २०२५ साली मध्यम व पुढच्या टप्प्यांच्या तंतुमयतेसाठी अनुमती देण्यात आली. काढ्यांविषयी एवढेच नमूद करणे पुरे, की मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ साली गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतदाह झालेल्या ६ रुग्णांचे वृत्त प्रसिद्ध केले होते. वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक, हे समीकरण यकृतास ठाऊक नाही.

आहाराचा विचार करताना वर दिलेले २६ टक्के ध्यानात ठेवावयास हवेत. यकृत शर्करेपासून मेद घडविते, आणि त्यातही फलशर्करा म्हणजे फ्रुक्टोज बव्हंशी आतडे व यकृत यांतच खर्ची पडते. ग्लुकोजच्या मार्गावरील एक मोठा नियामक टप्पा ती वगळून जाते. अमेरिकेत स्थूल मुलांच्या आहारातील फ्रुक्टोज ९ दिवस काढून तितक्याच उष्मांकाचे पिष्टमय पदार्थ दिले असता यकृतातील मेद ७.२ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर आल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. उष्मांक तेच ठेवलेले होते, हे विशेष. फ्रुक्टोज म्हणजे केवळ फळे नव्हेत. नेहमीची साखर निम्मी फ्रुक्टोजच असते. दिवसाकाठी चार-पाच कप गोड चहा, वर शीतपेय अथवा उसाचा रस, असा क्रम असणाऱ्याने तेलाचा थेंब मोजीत बसण्यापेक्षा प्रथम साखर मोजणे अधिक सयुक्तिक ठरेल. साबुदाण्याच्या खिचडीने होणारा उपवासही यकृताच्या दृष्टीने उपवास नव्हेच. बिनसाखरेच्या कॉफीचा मात्र तंतुमयता कमी असण्याशी संबंध अनेक पाहण्यांत आढळला आहे. मद्याचे प्रमाण थोडे असले तरी चयापचयाच्या बिघाडात ते भर घालते. तंतुमयता असल्यास ते पूर्ण वर्ज्य.

वजन घटविण्याचा परिणाम किती, याचे उत्तर क्यूबातील एका अभ्यासाने २०१५ साली दिले. २९३ रुग्णांना वर्षभर आहार व व्यायामाचे मार्गदर्शन करून बहुतेकांच्या यकृताचा तुकडा पुन्हा तपासण्यात आला. ज्यांनी मूळ वजनाच्या १० टक्के वा अधिक वजन घटविले, त्यांच्यापैकी ९० टक्क्यांचा यकृतदाह नाहीसा झाला व ४५ टक्क्यांत तंतूही मागे हटले. व्रण पडलेले इंद्रिय पूर्वपदावर येऊ शकते, ही गोष्ट यकृताखेरीज क्वचितच पाहावयास मिळते. परंतु त्याच अभ्यासातील दुसरा आकडा विसरता कामा नये : इतके वजन घटविणे दहांपैकी एकासच साधले. बाकीच्यांस दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. म्हणूनच वजन न घटताही नियमित चालणे, जिने चढणे, ओझे उचलणे यांनी यकृतातील मेद उतरतो, या निरीक्षणास मोल आहे. ज्या देहात स्नायू जन्मतःच कमी, त्यास तर स्नायू वाढविणारा व्यायाम व डाळी, दूध, अंडी, मासे यांतील प्रथिने विशेष आवश्यक.

सडपातळ रुग्णांपुढे येणारा नेहमीचा सवाल असा, की ज्याचे वजन मुळात जादा नाही त्याने कमी करावयाचे काय? भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादा २५ नसून २३ धरतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरांपलीकडे गेल्यास तो धोक्याचा मानतात. ‘बेताचे’ वाटणारे पुष्कळ देह या मापाने बेताचे राहत नाहीत. जे या मर्यादेतही बसतात, त्यांच्याविषयी हाँगकाँगमधील २०१८ सालचा अभ्यास उपयोगी पडतो. तेथे स्थूल रुग्णांपैकी निम्म्यांचे यकृत मेदमुक्त होण्यास ७ ते १० टक्के वजन उतरावे लागले. सडपातळ रुग्णांत तेच फळ ३ ते ५ टक्क्यांत मिळाले. कणगी लहान असली की ती थोडक्यात ओसंडते, तशीच थोडक्यात रितीही होते. ६२ किलो वजनाच्या व्यक्तीच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे २ ते ३ किलो इतके भरते.